आर्सेनिक, उंची आणि क्रिएटिनिनचा घोळ

रामबाग, इंदूर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा प्रबंधाचा आराखडा वाचला. विषय चांगला आहे, पण पहिल्याच पानावर ‘पाण्यातल्या आर्सेनिकमुळे मुलांची उंची खुंटते’ असं ठोकून दिलंयस, ते आधी काढ. समितीतले लोक तिथेच पकडतील.

म्हणणं निराधार नाही. लांब हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते. तिथल्या पेशी वाढतात, फुगतात, मग त्या जागी हाड धरतं. आर्सेनिक दिलेल्या उंदरांत ही कूर्चा बिघडलेली आणि हाड विरळ झालेलं दिसलंय. पण प्रयोगातले डोस बहुधा विहिरीच्या पाण्याहून कितीतरी जास्त असतात. बांगलादेशात मतलब नावाच्या भागात माणसांवर काम झालंय. तिथे जास्त आर्सेनिक पोटात गेलेली मुलं, त्यातही मुली, लहानखुऱ्या आढळल्या. फरक मात्र थोडाच.

खरी गोम तुझ्या चौथ्या प्रकरणात आहे. लघवी कधी पातळ, कधी घट्ट, म्हणून लघवीत सापडलेल्या आर्सेनिकला तिच्यातल्याच क्रिएटिनिन या द्रव्याने भागायची रीत आहे. मोठ्या माणसांत एकवेळ चालून जातं. पण क्रिएटिनिन येतं स्नायूंतून, आणि खुरट्या, कुपोषित पोराच्या अंगात स्नायूच कमी. छेद लहान झाला की आकडा आपोआप फुगणार! दोन मुलं एकाच हापशाचं पाणी पीत असली तरी बुटक्याचं आर्सेनिक जास्त भरेल आणि तुला वाटेल, सिद्ध झालं. त्यापेक्षा विशिष्ट गुरुत्वावरून, म्हणजे लघवी पाण्याहून किती जड त्यावरून, दुरुस्ती कर. ते मोजायला हातात मावणारा रिफ्रॅक्टोमीटर मिळतो, थेंबभर लघवी पुरते. शिवाय लघवी सांगते ती फार तर गेल्या चार दिवसांची गोष्ट, हाड वाढतं वर्षानुवर्षं. म्हणून नखंही घे, आणि घरात कोणत्या हापशाचं पाणी किती वर्षं येतंय ते आईलाच विचार. बाप अंदाजे ठोकतो.

गावं निवडतानाही घाई झालीय. झाबुआ-धारकडे हाडांचं दुखणं दिसलं तर आधी पाण्यातल्या फ्लोराइडचा संशय घ्यायचा. दातांवरचे तपकिरी पट्टे बघ. आर्सेनिकच हवं तर छत्तीसगडात अंबागड चौकीजवळचं कौडीकसा गाठ, नाहीतर गंगाकाठ. आणि तुलनेला इंदूरची, नर्मदेचं पाणी पिणारी शाळकरी मुलं नकोत. त्यांच्या ताटातलं सगळंच वेगळं.

पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. पट्टी पिवळी-तपकिरी होणारं किट गावात चाचपणीपुरतं ठीक, प्रबंधातले आकडे प्रयोगशाळेचेच हवेत.

उंचीचं एक राहिलं. दोन वर्षांखालच्या मुलाला आडवं ठेवून मोजतात, पुढच्यांना उभं. आडवं माप साधारण ०.७ सें.मी. जास्त भरतं. दोन्ही एकाच रकान्यात लिहू नकोस.

समितीपुढे जाण्याआधी सुधारलेला तक्ता घेऊन ये. संध्याकाळी घरीच असतो.

तुझा,
काका