कथेतला जवळिकीचा सीन फिल्मी किंवा अश्लील न होता कसा लिहायचा?

तुम्ही विचारलंय की कादंबरीतला विशाल आणि त्याची बायको लग्नाला काही महिने झाल्यावर पहिल्यांदा खऱ्या अर्थानं जवळ येतात, तो रात्रीचा सीन लिहायला बसलं की एकतर फिल्मी होतो नाहीतर अश्लील वाटायला लागतो, आणि किती उघड लिहायचं तेही कळत नाही.

आधी एक बारीक गोष्ट दाखवते. तुमच्या प्रश्नात विशालला नाव आहे, सातपूरच्या कंपनीत शिफ्टची नोकरी आहे, बापाशी भांडण आहे, आणि ती मात्र नुसती "बायको". तुमच्या कादंबरीत तिला नाव असेलच म्हणा, पण त्या रात्री तिला काय हवंय हे तुम्हाला माहितीये का? एकाला हवंय आणि दुसरी लाजतेय एवढ्याच भांडवलावर सीन उभा केला की दुसऱ्या परिच्छेदात लिहिण्यासारखं काही उरत नाही, मग लेखक पाऊस पाडतो, लाईट घालवतो, पडदा उडवतो, आणि तरी भागलं नाही की अवयवांची यादी सुरू करतो. म्हणजे फिल्मी आणि अश्लील हे दोन वेगळे आजार नाहीयेत, दोन्हीचं मूळ एकच, आत माणसं कमी पडलीत.

मी नाशिकला राहते, कथा लिहिते, अधूनमधून दिवाळी अंकात येतात, आणि गंगापूर रोडला आमचा एक छोटा ग्रुप आहे तिथं एकमेकांचे ड्राफ्ट वाचतो, त्यामुळे असले सीन भरपूर वाचलेत, नवशिक्यांचे पण आणि चांगल्या मुरलेल्यांचे पण. माझं ठाम मत असं झालंय की किती उघड लिहिलं याच्यावर काहीच ठरत नाही. खोलीत शिरताना दोघांच्यात जे होतं ते बाहेर पडताना बदललं का, एवढंच मी बघते. बदललं नसेल तर "त्या रात्री ते जवळ आले" एवढ्या ओळीत काम होतं, पुढची दोन पानं कशाला.

आता तुम्ही म्हणाल बदल वगैरे ठीक आहे पण लिहायला कुठून सुरू करू. घरापासून करा. आपल्याकडे नवराबायकोच्या मधे सगळ्यात जास्त कोण येत असेल तर ते घर. सिडकोतला वन बीएचके, हॉलमध्ये सासरे झोपलेत, त्यांचा खोकला भिंतीतून ऐकू येतो, किचनचा लाईट रात्रभर चालू कारण सासूबाईंना पाणी प्यायला उठावं लागतं. आता बेडरूमच्या दाराची कडी कोण लावणार? लावली तर आवाज होतो, नाही लावली तर मनात धाकधूक. फॅन फुल करावा तर जानेवारीतलं नाशिक, गोधडीत पण दात वाजतात, सकाळी सासूबाई चहा गाळताना विचारणारच, "रात्री फॅन कशाला लावला होता रे?" यातली एकेक गोष्ट म्हणजे पात्रानं घ्यायचा एकेक निर्णय आहे आणि निर्णय कोण घेतं त्यावरून वाचकाला कळतं की कुणाला किती हवंय, कोण घाबरतंय, कोण धीट आहे. तिनं उठून कडी न वाजवता, बोटानं धरून धरून सरकवली, तर मला तुमच्या "तिच्या डोळ्यांत होकार होता" ची गरजच नाही.

एक उदाहरण जरा सविस्तर देते, दिंडोरी-निफाडकडचं. ऑक्टोबर छाटणी झाली की द्राक्षाच्या काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटतात त्या जागांना, डॉरमेक्स नावाच्या औषधाची पेस्ट लावतात, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून. ते औषध हाताळलं की दारू चालत नाही, पोटात गेली तर तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, वेळेला दवाखाना गाठावा लागतो, हे बागायतदाराच्या घरात सगळ्यांना पाठ असतं. आता समजा एक नवरा आहे जो एरवी रोज संध्याकाळी थोडी घेतो, आणि बायको कित्येक महिन्यांपासून पोरीच्या शेजारी झोपते, कारण कुणी विचारलं तर "पोरगी रात्री दचकते". छाटणीचे दिवस लागले, पेस्टिंग सुरू झालं, गडी चार दिवस कोरडा आहे. त्या रात्री ती आपलं अंथरूण उचलून खोलीत आणते. तो बघतो.

"आज इकडं?"

"हात धुतले का नीट?"

"दोनदा."

"परत धुवा."

तो मोरीत जातो, परत धुतो, येऊन लहान पोरासारखे हात पुढे करतो. ती मनगट धरून एकेक नख बघते, गरजेपेक्षा जास्त वेळ बघते, आणि मनगट सोडत नाही.

माझ्या दृष्टीनं सीन इथं झाला. पुढं तुम्ही दोन ओळी लिहा नाहीतर दोन पानं लिहा, वाचक तुमच्याबरोबर आहे. दारूचा शब्द कुणी काढला नाही पण सगळं बोलणं दारूवरच चाललंय, ती का लांब गेली आणि आज का आली ते दोघांना कळलंय, आणि ठरवणारी ती आहे हेही दिसतंय. संमती दाखवायची म्हणजे पात्राच्या तोंडी "तुझी हरकत नाही ना" असं फॉर्म भरल्यासारखं वाक्य घालायलाच पाहिजे असं नाही. विचारलं तर छानच, पण कुणीतरी थांबतं, समोरचं माणूस स्वतःहून एक पाऊल पुढं येतं, हे दिसायला हवं. आणि विशाल थांबत नसेल, ती गप्प पडून राहत असेल, तर तो वेगळा सीन आहे, तो लिहायला हरकत नाही पण मग त्याला रोमान्सचा मुलामा लावू नका, मराठीत हे फार झालंय, जबरदस्तीला "पुरुषी आवेग" म्हणून खपवायचं.

सूचक लिहा असा सल्ला तुम्हाला सगळेच देतील, त्यात एक घोळ आहे. सूचक लिहिणं आणि लेखकानं स्वतः लाजून तोंड फिरवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. गाथासप्तशती घ्या, महाराष्ट्री प्राकृतातला संग्रह, सातवाहन राजा हालाच्या नावावर आहे, म्हणजे आपल्या पांडवलेणीत ज्यांचे शिलालेख आहेत तेच घराणं. त्यातल्या एका गाथेत एक बाई एका धार्मिक माणसाला सांगते की बाबा आता खुशाल फिर, ते कुत्रं गोदावरीकाठच्या झाडीत राहणाऱ्या सिंहानं आज मारलं. वरवर दिलासा. पण जो कुत्र्याला घाबरत होता तो सिंहाचं ऐकून तिकडं फिरकेल होय? ती झाडी तिची प्रियकराला भेटायची जागा आहे आणि या बाबाची वर्दळ तिला नकोय. नवव्या शतकात आनंदवर्धन या काव्यशास्त्रकारानं ध्वनी, म्हणजे शब्दांमागचा सुचवलेला अर्थ, समजावताना हीच गाथा घेतली. अंगाचा एक शब्द नाही, पण बाईला काय हवंय याबद्दल तुमच्या मनात तसूभर शंका राहते का? लपवाछपवी पात्र करतंय आणि वाचक ते पकडतोय, यात मजा आहे. लेखकच लपवायला लागला की वाचकाला नुसतं हुकल्यासारखं वाटतं.

उघड लिहायचंच असेल तर बिनधास्त लिहा, फक्त कुणाच्या नजरेतून चाललंय ते धरून ठेवा. मधेच तिच्या मनात, मधेच त्याच्या, मधेच छतावरून कॅमेरा, असं केलं की तिथंच अश्लील वाटायला लागतं कारण आता खोलीत तिसरा माणूस आला, तो म्हणजे तुम्ही. आणि शब्द पात्राचे वापरा, सातपूरला शिफ्ट करणारा विशाल मनातल्या मनात "उरोज" म्हणणार नाही. साध्या वस्तू विसरू नका, साडीची पिन टोचते, ब्लाऊजचा हूक अडकतो, काचेच्या बांगड्या वाजतात म्हणून ती हात उशीखाली धरते, कुणाला तरी भलत्या वेळी हसू फुटतं. हसू तर मी म्हणेन आणाच, आपल्या कथांत या वेळी कुणी हसतच नाही, सगळे परीक्षेला बसल्यासारखे गंभीर.

नंतरचं लिहा, हे मी प्रत्येक ड्राफ्टवर लिहून लिहून थकले. सगळे जण क्लायमॅक्सला परिच्छेद तोडतात आणि थेट सकाळ. अहो, खरी गोष्ट नंतरच्या पाच मिनिटांत असते, कोण पाठ करून झोपतं, कोण पाण्याचा तांब्या पुढं करतं, तो मोबाईल बघतो का, ती एरवी कधी न बोललेलं काही बोलते का. तुमच्या विशालनं बापाशी झालेल्या भांडणाबद्दल तिला इथं पहिल्यांदा सांगितलं तर तुमची कादंबरी पण पुढं सरकते.

छापण्याबद्दल थोडक्यात. अश्लीलतेचं कलम पूर्वी भादंवि २९२ होतं, आता भारतीय न्याय संहितेत २९४ आहे, आणि साहित्य-कलेच्या हितासाठी असलेल्या लेखनाला त्यात अपवाद आहे. १९६२ च्या "रंभा" दिवाळी अंकातल्या चंद्रकांत काकोडकरांच्या कथेवरचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता आणि १९६९ मध्ये ते तिथं सुटले, कोर्टानं कथा अश्लील मानली नाही. त्यामुळे नवराबायकोचा एक सीन लिहून पोलीस दारात येतील ही भीती सोडा. पात्रं मात्र सज्ञानच हवीत, कॉलेजचा फ्लॅशबॅक असेल तर वय स्पष्ट येऊ द्या, यात कुठलीही सवलत नाही. अंकाला पाठवणार असाल तर संपादकांना आधी फोन करा, काही अंक घराघरात वाचले जातात म्हणून ते कात्री लावतात, आणि ती कुठं लागणार हे छापून यायच्या आधी कळलेलं बरं.

ड्राफ्ट झाला की एखाद्या वाचणाऱ्या मैत्रिणीला द्या, तिची बाजू खोटी वाटते का एवढंच विचारा. स्वतःच्या बायकोला पहिला वाचक करू नका, ती विशालकडं बघणारच नाही, ती कुणाकडं बघून लिहिलंय ते शोधत बसेल.