वाचकांचे प्रश्न : मंदिरांचे छायाचित्रण आणि एका दिवसाची सहल

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत शिक्षक आहे. नववीच्या 40 विद्यार्थ्यांना घेऊन हलशी, देगाव, बेळगावची कमल बस्ती (किल्ल्यातील जैन मंदिर) आणि जमल्यास खिद्रापूर अशी एका दिवसाची छायाचित्रण-सहल काढण्याचा विचार आहे. बहुतेकांकडे घरच्यांचे मोबाइलच असतील. परवानगी लागते का, आणि अंधाऱ्या मंडपातील फोटो नीट कसे यावेत?

उत्तर : गुरुजी, प्रथम यादीला कात्री लावावी. खिद्रापूर कृष्णाकाठी, शिरोळ तालुक्यात आहे. तेथील कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपाच्या छतातील गोल मोकळ्या जागेतून ऊन कसे सरकत जाते, हे पाहण्यासाठी वेगळा दिवस ठेवणे योग्य. कदंब घराण्यातील राणी कमलादेवीचे देगावचे कमलनारायण मंदिरही पुढच्या खेपेला राहू द्यावे. उरली हलशी आणि कमल बस्ती. त्यांचा क्रम उन्हाने ठरवावा.

बाहेरील कोरीव काम तिरप्या उन्हातच उठून दिसते, म्हणून सकाळी लवकर हलशीला भूवराह-नरसिंह मंदिरात पोहोचावे. येथे दोन गर्भगृहे समोरासमोर आहेत आणि ही रचना एकाच फोटोत मावत नाही. तेव्हा पहिला अर्धा तास मोबाइल पिशवीत ठेवून मुलांकडून वहीत साधा आराखडा काढून घ्यावा. त्यानंतर कोठे उभे राहायचे, हे त्यांना सांगावे लागणार नाही. शिखराचा फोटो घेताना मोबाइल वर कलता केला, तर भिंती मागे झुकल्यासारख्या दिसतात. त्यापेक्षा लांब जाऊन तो सरळ धरावा.

दुपारी किल्ल्यातील कमल बस्ती गाठावी. मात्र त्या वेळी ती उघडी असते का, हे आधी विचारून घ्यावे. रट्ट घराण्यातील राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने 1204 मध्ये ती बांधविली. मंडपाच्या छतातील 72 पाकळ्यांचे कमळ हेच तिचे वैभव, आणि अंधारात हात हलल्याने मुलांचे फोटो बिघडतात तेही येथेच. त्यावर सोपा उपाय आहे. कमळाच्या बरोबर मध्याखाली रुमाल अंथरून मोबाइल पालथा ठेवावा, म्हणजे मागचा कॅमेरा छताकडे राहील, आणि 10 सेकंदांचा टायमर लावून सर्वांनी बाजूला व्हावे. हात हलण्याचा प्रश्न उरत नाही आणि कमळही वाकडे न येता गोल येते. फ्लॅश मात्र बंदच ठेवावा, कारण समोरून पडणाऱ्या प्रकाशात कोरीव कामाची खोली नाहीशी होते. खांब टिपताना पडद्यावर त्यांच्या उजळ भागाला बोटाने दाबून धरावे आणि उजेड थोडा कमी करावा; नाहीतर काळसर दगड राखेसारखा फिका येतो.

परवानगीविषयी : हाताने धरलेल्या साध्या कॅमेऱ्याने किंवा मोबाइलने फोटो घेण्यास पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत सहसा अडचण येत नाही. तिपाई (ट्रायपॉड) वापरायची असल्यास खात्याच्या धारवाड मंडळाकडे आधी लेखी अर्ज करावा. किल्ल्यात लष्कराचीही वास्तव्ये आहेत. त्या दिशेने कॅमेरा फिरवू नये आणि ड्रोनचा विचारही नको. दोन्ही ठिकाणी पूजाअर्चा चालू असते, त्यामुळे गर्भगृहातील मूर्तीचा फोटो पुजाऱ्यांना विचारल्याशिवाय घेऊ नये. हे विचारण्याचे काम आपण न करता एखाद्या विद्यार्थ्याकडे सोपवावे, आणि शक्यतो ज्याला कन्नड चांगले बोलता येते त्याच्याकडे.