फुकट मिळणारा जुना विंडसर्फिंग बोर्ड घ्यावा का, की सरळ नवीनच घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की नेदरलँड्सला नवीन आहात, शेजारचे आजोबा 80च्या दशकातला साडेतीन मीटरचा बोर्ड सेलसकट (म्हणजे शिडासकट) फुकट देतायत. माझं मत विचाराल तर बोर्ड घ्या, सेल घेऊ नका.

मी ॲमस्टरडॅमजवळच्या मोनिकेंडाम आणि मार्केनच्या मधल्या उथळ पाण्यात अशाच बोर्डवर शिकलो. लांब, अरुंद, मध्ये पाण्यात खाली सरकवायची उभी फळी म्हणजे डॅगरबोर्ड, त्यामुळे 7-8 नॉट (ताशी 13-15 किमी) वाऱ्यातही सरळ पळतो आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने परत वर येता येतं, नवशिक्यासाठी हे फार मोठं आहे कारण नाहीतर बोर्ड ओढत किनाऱ्याने चालत यायची वेळ येते. नवे बोर्ड आखूड पण रुंद. ऑलिंपिकचंच बघा ना, 2004 पर्यंतचा मिस्ट्रल 372 सेंमी लांब आणि 63 रुंद होता, 2008 ला आलेला आरएसएक्स 286 लांब आणि 93 रुंद! ती रुंदी उभं राहताना लगेच जाणवते, आणि वारा 14-15 नॉट झाला की नवा बोर्ड पाण्यावर उचलला जाऊन सुसाट सुटतो, जुना तेवढ्यात अजून पाणी कापतच असतो. शिवाय नव्यावर वर मऊ फोम असतो, जुन्याच्या खरखरीत पृष्ठभागावर माझे गुडघे पहिल्याच आठवड्यात सोलून निघाले होते.

घेऊच नये असा प्रकार म्हणजे 90च्या दशकातले आखूड आणि अरुंदही असलेले बोर्ड, स्वस्तात खूप मिळतात, पण सेल ओढायला उभं राहिलात की पायाखाली बुडतात.

आता सेल का नको? जुनी सेल जड, मास्टच्या (शिडाच्या उभ्या काठीच्या) कप्प्यात पाणी भरतं आणि दोरीने वर ओढताना कंबर जाते. वाऱ्याचा झोत आला की कापड फुगतं, ओढ मागे सरकते आणि बूम, म्हणजे हातात धरायचा आडवा दांडा, हातातून निसटतो. मी एक अख्खा सीझन समजत होतो की मलाच जमत नाहीये, मग मित्राची 5.5 चौरस मीटरची नवीन सेल त्याच जुन्या बोर्डवर लावली आणि त्याच दुपारी पहिल्यांदा वळून परत आलो, इतका आनंद झाला की सांगता येत नाही. म्हणून पैसे घालायचे तर सेल, मास्ट आणि बूमवर घाला. फक्त नवीन मास्टफूट (मास्ट बोर्डला जोडणारा खालचा भाग) जुन्या बोर्डच्या खाचेत बसतो का ते आधी बघा, बरेचदा बसत नाही.

आणि आणायच्या आधी बोर्ड घरच्या वजनकाट्यावर ठेवा. 20 किलोच्या बराच वर गेला तर आत पाणी शिरलेलं असण्याची शक्यता जास्त. पाय ठेवायच्या जागी अंगठ्याने दाबत जा, कुठे मऊ लागलं किंवा कुरकुर आवाज आला तर आजोबांना थँक्यू म्हणून तिथेच ठेवा.