नास्तिक माणसाने ऑफिसमधल्या पूजेला वर्गणी द्यावी का?

देऊ नका. पण तुम्ही पुढे विचारलंय, "मग इतरांचं देवाधर्माचं ऑफिसात किती चालवून घ्यायचं?", म्हणून लिहायला बसलो.

मी सांगलीत एका सरकारी कार्यालयात कारकून होतो. श्रावणात सत्यनारायण ठरला, तोही ऐन कामाच्या वेळेत. खिडकीवर पुठ्ठा: 'पूजेमुळे काम दुपारी २ नंतर.' जतहून पहाटेच्या एसटीने आलेला एक म्हातारा दारात चपला काढून, आत बघून हात जोडून पायरीवर बसला. मांडीवर नायलॉनची पिशवी, तीत उताऱ्याचा अर्ज. त्याला राग नव्हताच, मला आला. पुठ्ठा काढला, अर्ज घेतला. आत पोथीतल्या कथेत कलावती प्रसाद टाकून धावत होती आणि तिच्या नवऱ्याची नौका बुडत होती. साहेबांनी "आरतीला तरी या" म्हणून दोनदा शिपाई धाडला. नाही गेलो. उतारा मिळाल्यावर म्हातारा आत गेला आणि द्रोणात शिरा घेऊन आला. "घ्या सायेब, तुमीच तेवढं ऱ्हायलासा."

खाल्ला. साजूक तुपातला होता.

आमचे दाजी यावरून आजतागायत टोमणे मारतात: "देव नाही म्हणतोस आणि प्रसाद कसा चालतो रे?" दाजी साताऱ्याचे, दाभोलकरांच्या गावचे, पण त्यांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती देव मानणाऱ्यांच्या विरोधात नव्हती हे त्यांच्या डोक्यात शिरत नाही. माझं भांडण त्या पुठ्ठ्याशी होतं, शिऱ्याने माझं काय बिघडवलं?

माणसाला हवी तेवढी सवलत द्यावी. मिरजेचा एक सहकारी शुक्रवारी नमाजाला जायचा, तेव्हा पाऊण तास त्याच्या खिडकीवर मी बसायचो. एक बाई वारीला रजा टाकायच्या, त्यांचं टेबल मीच ओढलं. ऑफिसला मात्र धर्म नको.

यावर दाजी लगेच मशिदीच्या भोंग्यावर येतात. रात्री १० ते सकाळी ६ बंद, हा २००० सालचा नियम सगळ्यांनाच आहे. वर्षातले १५ दिवस १२ पर्यंत सूट सरकार देऊ शकतं, ती कोण वापरतं ते दाजींच्या गणेश मंडळाला विचारा. आमच्या जिल्ह्यात मोहित्यांच्या वडगावला देवळावरचा भोंगा संध्याकाळी ७ ला वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद करून पोरं अभ्यासाला बसतात. तसला भोंगा मी स्वतः वाजवायला जाईन.

एक राहिलंच. नोकरी नवी असेल, साहेब खुनशी असेल, तर शंभर रुपये टाका आणि मोकळे व्हा. त्या श्रावणाआधीच मी नोकरीत कायम झालो होतो. दाजींना हे अजून सांगितलेलं नाही.