सुटे भाग जुने, जोडणी नवी

प्रश्न : बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांचीच नवी जोडणी केली, तर तिला पेटंट मिळते का?

उत्तर : मिळू शकते, मात्र ती जाणकाराला सहज सुचण्याजोगी नसावी. अमेरिकेतील रॉबर्ट कर्न्स यांनी मोटारीचा वायपर रिमझिम पावसात थांबून थांबून फिरावा म्हणून कपॅसिटर (वीज साठवणारा भाग), रेझिस्टर आणि ट्रान्झिस्टर या बाजारात मिळणाऱ्या भागांचे सर्किट रचले, ज्यात कपॅसिटर चार्ज व्हायला लागणाऱ्या वेळेवर वायपरचा विराम ठरत असे. पेटंट १९६७ मध्ये मिळाले. ही जोडणी परवानगीशिवाय वापरल्याबद्दल कर्न्स यांनी फोर्ड या मोटार कंपनीवर दावा लावला, तेव्हा यात नवा भाग एकही नाही, असा युक्तिवाद कंपनीने केला (वरवर पाहता तो पटण्याजोगाच होता), तरीही १९९० मध्ये ज्यूरीने कर्न्स यांच्या बाजूने कौल दिला.