ओढ्यात घडणीचा दगड शोधताना

कपच्या काढून दगडी हत्यारे घडवण्याजोगा दगड हवा असेल, तर पूर ओसरल्यावर ओढ्याच्या वळणाच्या आतल्या बाजूस साचलेले गोटे आधी पाहावेत, कारण मऊ दगडाचा वाटेतच चुरा होतो, पण चर्ट किंवा जास्परसारखा गारगोटीच्या जातीचा कठीण दगड टिकून राहतो. वरच्या खडबडीत सालीवरून निर्णय घेऊ नये. हातोडीने हलकेच ठोकल्यावर खणखणीत नाद आला, तरच डोळ्यांच्या रक्षणासाठी चष्मा लावून कडेची लहानशी कपची काढावी आणि भंग, म्हणजे तुटलेला पृष्ठभाग, शिंपल्यासारखा गुळगुळीत, वक्र आहे का, हे तपासावे. बद्द आवाज बहुधा आतली भेग सांगतो. असा दगड कितीही देखणा असला, तरी मी तो तेथेच ठेवतो. चांगला तुकडा सापडल्यास प्रवाहाच्या उलट दिशेने वर शोध घेत जावे, कारण कमी झिजलेले, मोठे तुकडे मूळ थराच्या जवळ मिळतात.