एवढं शिकून सर्दी-खोकलाच बघायचा का?

सांगली जिल्ह्यातून एका आईंचं पत्र आलंय. मुलगी सरकारी कॉलेजात एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि आता म्हणते की मला रेडिओलॉजी, स्किन वगैरे काही नको, फॅमिली डॉक्टर व्हायचंय. घरात रोज वाद. आईंचे प्रश्न असे: एवढं शिकून सर्दी-खोकलाच बघायचा का, नुसत्या एमबीबीएसला आता कोण विचारतं, आणि ती नीट पीजीचा (एमबीबीएसनंतर पीजीला, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाला, जाण्यासाठीची प्रवेश परीक्षा) क्लास बंद करायचा म्हणते ते करू द्यावं का. शिवाय मुलीच्या लग्नाचंही लिहिलंय.

ताई, सर्दी-खोकल्याचं तुम्ही म्हणता ते खरंय, दिवसातले बरेच पेशंट तेच असतात. पण त्याच बाकड्यावर एखादा माणूस 'ॲसिडिटी झालीय, गोळी द्या' म्हणत हार्ट अटॅक घेऊन बसलेला असतो, आणि एखादी बाई महिन्यात तिसऱ्यांदा डोकं दुखतंय म्हणून येते, सगळे रिपोर्ट नॉर्मल, आणि नीट बसवून विचारलं की रडायला लागते. कोण कुठला ते कपाळावर लिहिलेलं नसतं. दहा मिनिटांत, हाताशी बीपीचं मशीन, स्टेथो आणि फार तर ईसीजी, एवढ्यावर ते ओळखायचं असतं. हे सोपं काम आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एक दिवस करून बघावं.

आणि गंमत अशी की हे काम मेडिकल कॉलेजात कुणी शिकवतच नाही. १९६१ साली अमेरिकेत व्हाइट, विल्यम्स आणि ग्रीनबर्ग या तीन संशोधकांनी एक हिशोब मांडला होता: हजार मोठी माणसं घेतली तर महिन्याभरात साधारण ७५० जणांना काही ना काही दुखतं-खुपतं, २५० डॉक्टरकडे जातात, ९ ॲडमिट होतात आणि युनिव्हर्सिटीच्या मोठ्या हॉस्पिटलात पोचतो तो फक्त १. चाळीस वर्षांनी पुन्हा मोजलं तरी चित्र फारसं बदललं नव्हतं. आपल्याकडे लोक थेट मोठ्या दवाखान्यात जातात त्यामुळे आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण मुद्दा तोच. तुमच्या मुलीने साडेचार वर्षं त्या एकाला बघून अभ्यास केलाय, बाकीचे २४९ तिला भेटलेच नाहीत, आणि ती आता म्हणतेय मला तेच बघायचेत. मला तरी यात खूळ दिसत नाही. फक्त त्याची तयारी तिला बरीचशी स्वतःच करावी लागेल.

तयारीची सगळ्यात मोठी संधी म्हणजे इंटर्नशिप, एमबीबीएसच्या परीक्षेनंतरचं हॉस्पिटलात काम करायचं वर्ष, आणि तीच सगळ्यात जास्त वाया जाते. आत्ताच्या नियमाप्रमाणे वर्षातले १२ आठवडे कम्युनिटी मेडिसिनला असतात, म्हणजे ग्रामीण केंद्र, पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) वगैरे, आणि बहुतेक इंटर्न तिथे सही करून रूमवर एमसीक्यू सोडवत बसतात (त्यांनाही दोष देत नाही, नीट पीजीची टांगती तलवार असते). तुमच्या मुलीने तिथेच मुक्काम ठोकावा. गरोदर बायकांची तपासणी, लसीकरण, शुगर-बीपीचे तेच तेच पेशंट महिन्यानंतर परत आल्यावर काय बदललं, गोळ्या खरंच घेतल्या का आणि नसतील तर का नाही, हे तिथे दिसतं. कॅज्युअल्टीत असताना टाके, प्लास्टर, ईसीजी यावर हात बसवून घ्यावा, सायकियाट्रीचे दोन आठवडे सुट्टी समजू नयेत, कारण पुढे क्लिनिकमध्ये झोप लागत नाही, छातीत धडधडतं, दारू सुटत नाही हे रोजचंच असणार आहे. आणि कॉलेजने फॅमिली ॲडॉप्शन प्रोग्रामखाली गावातली जी कुटुंबं दिलीत त्यांच्याकडे फॉर्म भरण्यापुरतं न जाता खरंच जावं, एका घरातली आजी, सून आणि नातू तिघांना वर्षानुवर्षं ओळखणं हाच तर फॅमिली डॉक्टरचा धंदा.

याशिवाय मी प्रत्येकाला सांगतो की एखाद्या जुन्या जनरल प्रॅक्टिशनरच्या क्लिनिकमध्ये सुट्टीत संध्याकाळची ओपीडी बसून बघा. 'डॉक्टर सुई द्या', 'सलाईन लावा म्हणजे ताकद येईल' याला नाही कसं म्हणायचं की पेशंट समोरच्या दवाखान्यात जाणार नाही, व्हायरल तापाला अँटिबायोटिक न देता कसं पाठवायचं, कुणाला आत्ताच्या आत्ता पुढे पाठवायचं आणि कुणाला 'दोन दिवसांनी या' म्हणायचं, हे कुठल्याच लेक्चरला नाही.

आता 'नुसतं एमबीबीएस'. इथे तुमचं थोडं बरोबर आहे. नुसत्या एमबीबीएसवर क्लिनिक चालतं, कायद्याने पूर्ण हक्क आहे, पण मी तिला शिकूनच बसायला सांगेन. फॅमिली मेडिसिन हीसुद्धा पीजीच आहे हे बऱ्याच घरांत माहीतच नसतं. डीएनबी (नॅशनल बोर्डाची पदवी) फॅमिली मेडिसिन तीन वर्षांचं, नीट पीजीतून मिळतं, स्टायपेंड असतो आणि एमडीच्या बरोबरीचं धरलं जातं. एमडी फॅमिली मेडिसिन पण आहे, कोझिकोडच्या सरकारी कॉलेजात पहिल्यांदा सुरू झालं, पण सीट्स अगदी मोजक्या. २०१९ च्या मेडिकल कमिशनच्या कायद्यात फॅमिली मेडिसिनच्या पीजीला प्रोत्साहन द्या असं चक्क लिहिलंय, तरी बहुतेक कॉलेजात याचं डिपार्टमेंटच नाही, म्हणून मुलांच्या कानावरच येत नाही. तिसरा रस्ता म्हणजे वेल्लोरच्या सीएमसी या मेडिकल कॉलेजचा दोन वर्षांचा डिप्लोमा, तो काम करता करता होतो, शिकवतात चांगलं, पण त्याने स्पेशालिस्टची डिग्री मिळत नाही हे आधीच समजून घ्यावं. ब्रिटनमध्ये जीपी (तिथला फॅमिली डॉक्टर) होण्यासाठी वेगळं तीन वर्षांचं ट्रेनिंग घ्यावं लागतं, आणि एरवी स्पेशालिस्टकडे जायची वाटच त्याच्या केबिनमधून जाते.

पैशाचं स्पष्ट सांगतो. रेडिओलॉजीवाल्याशी तुलना करू नका, हरालच. तालुक्याच्या गावात तपासणी फी शंभर-दोनशेच्या घरात, शेजारी आधीच तीन-चार दवाखाने, पहिली दोन-तीन वर्षं बाकडं रिकामं. पण मोठी मशिनरी नाही, कोटीचं कर्ज नाही, आणि एकदा घरं जोडली गेली की ती सहसा सुटत नाहीत. सुरुवातीला सकाळी कुठेतरी मेडिकल ऑफिसरची नोकरी आणि संध्याकाळी स्वतःचं क्लिनिक असं बरेच जण करतात. सरकारी कॉलेजातून शिकलीय म्हणजे बॉंडचं, सरकारी सेवेचं वर्ष असेलच, ते पीएचसीला मागून घ्यावं, टाळू नये. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी सुरुवात रायगडातल्या पीएचसीतच केली होती, तिथे विंचू चावून दगावणारे लोक बघूनच त्यांनी प्राझोसिन या औषधाच्या उपचारावर काम केलं, ते लॅन्सेट या नामांकित मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं, पुढे २०२२ ला पद्मश्री. ते नंतर एमडी झाले हेही खरं, पण प्रश्न सापडला तो छोट्या दवाखान्यात.

लग्नाचं तुम्ही लिहिलंय त्यावर मी काही बोलत नाही, तो माझा प्रांत नाही. एवढंच, की स्वतःच्या वेळेवर उघडता-बंद करता येणारं क्लिनिक बायकांना पुढे सोयीचं पडतं असं मला बऱ्याच डॉक्टरणींनी सांगितलंय.

राहिला क्लासचा प्रश्न. तो बंद करू देऊ नका. डीएनबीला नीट पीजीचाच स्कोअर लागतो, रेडिओलॉजीइतका वरचा रँक लागत नाही, त्यामुळे जीव काढायची गरज नाही पण परीक्षा द्यायची. आणि कौन्सेलिंगच्या वेळी शहराचं नाव बघून सीट भरू नका. काही हॉस्पिटलांत फॅमिली मेडिसिनच्या रेसिडेंटला (तिथे पीजी करणाऱ्या डॉक्टरला) तीन वर्षं नुसतं या वॉर्डातून त्या वॉर्डात फिरवतात, जिथे माणूस कमी तिथे ड्युटी. तिने तिथल्या सेकंड इयरच्या एखाद्या रेसिडेंटला फोन करून दोनच गोष्टी विचाराव्यात: तुमची स्वतःची फॅमिली मेडिसिनची ओपीडी आहे का, आणि शिकवणाऱ्यांत कुणी स्वतः फॅमिली मेडिसिन केलेलं आहे का. दोन्हीला 'नाही' आलं तर ती सीट लिस्टमध्ये खाली टाकायची.